कॉलर माईक घेण्यापूर्वी

आमच्या परिचयाचे एक कारागीर लाकडी दिवाण बनवितात. गेल्या वर्षी त्यांनी एका नव्या दिवाणाचा व्हिडिओ फोनवर काढून ग्राहकांना पाठविला. काम सुबक होते, चित्रही स्वच्छ आले होते. किंमत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, "साडेआठ हजार." मात्र डोक्यावर पंखा फिरत होता, पलीकडे यांत्रिक रंधा चालू होता आणि फोन सहा फुटांवर स्टुलावर ठेवलेला होता. बाहेरगावच्या ग्राहकाने ऐकले "साडेसात हजार." माल दारात पोहोचल्यावर वाद झाला. अखेर आमच्या कारागीर बांधवाला हजार रुपये सोडावे लागले आणि ग्राहकाच्या मनात संशय राहिला तो वेगळाच.

आज लहानसहान दुकानदारही आपला माल व्हिडिओवर दाखवितो. घरी बसून भरतकाम करणाऱ्या भगिनीही याच मार्गाने गिऱ्हाईक मिळवू लागल्या आहेत. परंतु सर्व लक्ष चित्राकडे असते. आवाजाचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही. वास्तविक थोडे अंधुक चित्र ग्राहक चालवून घेतो, पण बोलणे समजले नाही तर तो पुढे जातो. यावर उपाय म्हणून कपड्याला लावायचा छोटा माईक मिळतो. बाजारात त्याला कॉलर माईक म्हणतात. तो घेताना आपल्या बांधवांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून काही गोष्टी आम्ही येथे सांगत आहोत.

माईक जवळ का हवा?

पुष्कळांचा समज असा की, महाग माईक लांबूनही चांगला आवाज पकडतो. हा समज चुकीचा आहे. आवाजाचा नियम असा की, तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की तोंडातून थेट येणाऱ्या आवाजाची ताकद चौथ्या हिश्शावर येते. कॉलर माईक हनुवटीपासून साधारण एक वीत खाली असतो. सहा फुटांवरचा फोन म्हणजे सुमारे आठ विती दूर. आठ गुणिले आठ, म्हणजे फोनपर्यंत आपल्या आवाजाचा केवळ चौसष्टावा हिस्सा पोहोचतो. पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास सारखाच असतो. त्यामुळे फोनमध्ये पंखा वरचढ ठरतो आणि छातीवरच्या माईकमध्ये माणूस.

कॉलर माईकचा खरा गुण हा एवढाच आहे. तो जवळ असतो. स्वस्त माईक योग्य जागी लावला तर तो दूर ठेवलेल्या महागड्या माईकपेक्षा चांगले काम देतो.

हे शक्य झाले ते एका शोधामुळे. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रेट माईक तयार केला. त्यातील पातळ पडद्यावर विद्युतभार कायमचा साठविलेला असतो, त्यामुळे माईक अगदी लहान आणि स्वस्त बनविता येतो. आजचे बहुतेक तारेचे कॉलर माईक याच तत्त्वावर चालतात, मग ते पाचशे रुपयांचे असोत की पाच हजारांचे. फरक पडतो तो मागे ऐकू येणाऱ्या सूं-सूं आवाजात, तारेच्या दर्जात आणि टिकाऊपणात.

तारेचा की बिनतारी?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो. त्याचे उत्तर किमतीवरून नव्हे, तर आपल्या कामावरून ठरवावे.

आपण एका जागी बसून बोलत असाल, म्हणजे जरीकाम, घड्याळदुरुस्ती, अत्तराची माहिती किंवा शिवणकाम दाखवीत असाल, तर तारेचा माईक पुरेसा आहे. तो बहुधा चार्ज करावा लागत नाही. काहींत छोटी बटनसेलची बॅटरी असते, ती अनेक महिने चालते. हजार-दीड हजारात चांगला माईक मिळतो. बोया कंपनीचा बीवाय-एम १ हा या वर्गातील सर्वत्र दिसणारा नमुना होय. त्याची तार सहा मीटर लांब आहे, म्हणजे वीस फुटांच्या आसपास. बसून बोलणाऱ्याला एवढी तार पुरून उरते.

आपण दुकानभर फिरून माल दाखवीत असाल, उभ्याने कापडाचे ठाण उलगडीत असाल किंवा गोदामात चालत बोलत असाल, तर तार पायात अडकते. यंत्राजवळ तर ती धोक्याचीही ठरते. अशा वेळी बिनतारी माईक घ्यावा. रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१९ साली काडेपेटीसारखा छोटा संच आणला, तेव्हापासून या प्रकाराला गती मिळाली. त्यात एक डबी कपड्याला लागते, दुसरी फोनला किंवा कॅमेऱ्याला. माईक पहिल्या डबीतच असतो. आता अनेक कंपन्यांचे असे संच मिळतात. दोन माईकांचा संच घेतल्यास दोघांचे बोलणे एकाच वेळी टिपता येते.

मात्र बिनतारी माईकच्या तीन अडचणी आधीच ध्यानात घ्याव्यात. पहिली, यातील बहुतेक माईक २.४ गिगाहर्ट्‌झ या लहरींवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच लहरी वापरतात. गजबजलेल्या बाजारात त्यामुळे आवाज मध्येच तुटू शकतो. दुसरी, माणसाचे शरीर या लहरी शोषून घेते. फोनकडे पाठ केली की आवाज तुटण्याची शक्यता वाढते. तिसरी, आतली बॅटरी सहसा बदलता येत नाही. ती संपत आली की संचच निकामी होतो.

तीनशे-चारशे रुपयांतही बिनतारी माईक मिळतात. शिकण्यासाठी ते ठीक आहेत, परंतु त्यांवर आवाज कमी-जास्त करण्याची सोय बहुधा नसते. तेवढ्याच किंवा थोड्या अधिक पैशांत तारेचा माईक घेतल्यास आवाज सहसा चांगला मिळतो. ब्लूटूथवर फोनला जोडायचे इअरफोन तर या कामासाठी घेऊच नयेत. त्यांत आवाज उशिरा पोहोचून ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नाही.

पिन पाहून घ्या

सर्वाधिक नुकसान येथे होते. तारेच्या माईकची गोल पिन दोन प्रकारची असते. पिनेवर दोन पट्टे असतील तर ती कॅमेऱ्यासाठी, तीन पट्टे असतील तर ती मोबाईलसाठी. दोन पट्ट्यांचा माईक मोबाईलला थेट लावला तर मोबाईल त्याला ओळखत नाही. गंमत अशी की रेकॉर्डिंग तरीही होते, कारण फोन स्वतःच्याच माईकवर आवाज टिपतो. वापरणारा समजतो की माईकच खराब निघाला.

आजच्या अनेक फोनांना गोल भोकच नसते. आयफोनने ते २०१६ साली काढून टाकले. त्यानंतर २०२३ साली आयफोन १५ पासून लायटनिंगच्या जागी टाईप-सी आले. म्हणून "आयफोनचा माईक द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही, कोणता आयफोन तेही सांगावे. टाईप-सीचे जोडसाधन घेताना विशेष काळजी घ्यावी. काही जोडसाधने फक्त गाणी ऐकण्यासाठी असतात, माईकचा आवाज ती फोनपर्यंत पोचवीत नाहीत.

तेव्हा आपला फोन दुकानात घेऊन जा आणि तेथेच जोडून पाहा. रेकॉर्डिंग सुरू करून आधी माईकवर नखाने हळूच खरवडा, मग फोनच्या तळाशी खरवडा. ऐकताना जो आवाज मोठा येईल, तोच माईक चालू आहे असे समजा. काही अँड्रॉईड फोनांचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक घेतच नाही. अशा वेळी ओपन कॅमेरा नावाचे मोफत ॲप घेऊन त्यात बाहेरचा माईक निवडता येतो.

कारखान्यातील गोंगाट

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यात शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. तेथे कोणताही कॉलर माईक चमत्कार करणार नाही. बहुतेक कॉलर माईक चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतात. "नॉईज कॅन्सलेशन" लिहिलेले माईक पंख्यासारखा एकसारखा आवाज बऱ्यापैकी कमी करतात. मागाच्या खडखडाटापुढे मात्र ते हरतात, आणि जोर वाढविला की माणसाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

यावर सोपा मार्ग आहे. माग चालू असताना चित्र घ्यावे आणि बोलणे नंतर शांत जागी टिपून त्यावर जोडावे. शांत जागा म्हणजे महागडा स्टुडिओ नव्हे. कापडाच्या दुकानात भिंतीभर रचलेली ठाणे आवाज शोषून घेतात. दुकान बंद झाल्यावर तेथे बसून बोलल्यास आवाज अगदी स्वच्छ येतो. घरी असाल तर समोर आणि मागे जाड रजया टांगाव्यात. फरशी आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत मात्र आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज नंतर नीट करणे फार अवघड असते.

वाद्ये बनविणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचा मालच आवाज आहे. आवाज साफ करणारी यंत्रणा एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे गोंगाट समजते, आणि तंबोऱ्याचा झंकार तर एकसारखाच असतो. ती सोय चालू राहिली तर तंबोराच पुसला जाईल. म्हणून वाद्य वाजविताना ती बंद ठेवावी. माईकही छातीवरून काढून वाद्यासमोर थोड्या अंतरावर ठेवावा.

कोठे आणि कसा लावावा?

छातीच्या मध्यभागी, हनुवटीखाली एक वीत, ही सर्वसाधारण जागा. गळ्याच्या अगदी जवळ लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो. दाढी लांब असेल तर केस माईकवर घासून खरखर येते, तेव्हा माईक थोडा खाली किंवा बाजूला, सदऱ्याच्या बटनपट्टीवर लावावा. चारही बाजूंचा आवाज घेणारा माईक किंचित बाजूला गेला तरी फारसे बिघडत नाही.

दुपट्टा, ओढणी किंवा नकाब घालणाऱ्या भगिनींनी माईक कापडाच्या आत लपविण्यापेक्षा वरच्या थरावर लावणे चांगले. आत लावायचाच असेल तर वरचे कापड पातळ सुती असावे. जाड, दाट विणीच्या कापडातून स, श, फ हे उच्चार बोथट होतात. रेशमी आणि नायलॉनचे कापड हलताना सरसरते, ती सरसर माईक लगेच पकडतो. माईकच्या खाली तारेचा एक छोटा वेढा घेऊन तो चिमट्यात अडकवावा. तार ओढली गेली तरी त्याचा धक्का माईकपर्यंत जात नाही.

उघड्यावर बोलायचे असेल तर माईकवर फोमची टोपी, आणि वारा जोराचा असेल तर केसाळ टोपी घालावी. फोन विमान मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग तुटणार नाही. आवाजाची पट्टी दिसत असेल तर मोठ्याने बोलतानाही ती लाल रंगाला लागू देऊ नये. हळू आलेला आवाज नंतर काही प्रमाणात वाढविता येतो, परंतु फाटलेला आवाज सहसा दुरुस्त होत नाही.

पैसे कोठे घालावेत?

आमचा सल्ला असा की, सुरुवात तारेच्या साध्या माईकने करावी. दोन-तीन महिने त्यावर काम करावे. फिरून बोलण्याची गरज खरोखर आहे असे दिसले, तरच बिनतारी संचाकडे वळावे. यासाठी हप्त्यावर कर्ज काढण्याची मुळीच आवश्यकता नाही. पक्की पावती घ्यावी, वॉरंटी विचारावी आणि नामांकित कंपनीच्या नावाचा माल फारच स्वस्त मिळत असेल तर सावध व्हावे.

आणि व्हिडिओ पाठविण्यापूर्वी तो एकदा डोळे मिटून ऐकावा. मालाचे नाव, माप आणि किंमत न पाहता कळली, तर तो पाठविण्यास योग्य आहे. शक्य असल्यास घरातील दुसऱ्या कोणाला तरी ऐकवून किंमत विचारावी, कारण आपले आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. वर सांगितलेले आमचे कारागीर बांधव आता असेच करतात. किंमत ते दोनदा बोलतात आणि व्हिडिओवर आकड्यांतही लिहितात. तारेचा माईक त्यांनी त्या बुडालेल्या हजार रुपयांहूनही कमी पैशांत घेतला.