पोर घरी शिकते, की नुसते घरी राहते?

गेल्या माघात निफाड तालुक्यातल्या एका मळ्यात द्राक्षबाग पाहायला गेलो होतो. बाग उत्तम होती, घड एकसारखे भरले होते. ओट्यावर बसलो तेव्हा चहा घेऊन आली ती दहा-अकरा वर्षांची मुलगी. वार मंगळवार, वेळ दुपारी बाराची. मी सहज विचारले, "काय गं, आज शाळा नाही का?" तिने बापाकडे पाहिले. बाप हसून म्हणाला, "साहेब, मोबाइलवर दाखवत्यात ना, शहरातली शिकलेली माणसं पोरांना शाळेत घालीतच नाहीत म्हणे. घरीच शिकवत्यात. मग आमचं काय चुकलं? ही पण घरात राहून सगळं शिकती."

चुलीपुढे बसलेल्या बाईने फक्त वर पाहिले, बोलली काही नाही.

शेतकरी बंधूंनो आणि माउलींनो, त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. त्याला कारण आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, अशाच एका बागेत सातवीतल्या मुलाचा छाटणीचा हात पाहून मी खूश झालो होतो. त्याच्या वडिलांनी विचारले, "शाळेतून काढला तर?" मी म्हणालो, "हात चांगला बसलाय, पक्का बागाईतदार होईल." शाळा सुटली. मुलगा बागाईतदार झाला, हात आजही चांगला आहे. पण २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडून आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा तो दुकानाच्या बिलांची चळत घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, यातलं कोणतं औषध ते, एवढं वाचून सांगा." स्वतःच्या बागेत स्वतः काय फवारले, हे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. त्या दिवसापासून माझे ते वाक्य मला सलत आले आहे.

शहरात मुलांना घरी शिकवणारे आईबाप आहेत, हे खरे. मुंबईच्या मालविका जोशी या मुलीला आईने शाळेतून काढले, आपली नोकरी सोडून तिला घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवून २०१६ साली ती अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेत शिकायला गेली. पण त्या आईने नोकरी सोडली, हे विसरू नका. रोज मुलाशेजारी बसणारे माणूस घरात असेल तर ते घरी शिकवणे. मूल भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, मजूर आले नाहीत की बागेत जाते, आणि संध्याकाळी त्याला कोणी एक ओळही वाचायला लावत नाही, तर ते नुसते घरी राहणे.

मग घराचा शिक्षणाशी काही संबंध नाही काय? आहे, आणि फार मोठा आहे. विशेषतः शाळेआधीच्या वयात.

ताराबाई मोडकांचे नाव आपण ऐकले असेल. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे) खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यांच्या बरोबरीच्या अनुताई वाघ तर तरुणपणी आपल्याच निफाड तालुक्यात, चांदोरीच्या शाळेत शिक्षिका होत्या. बोर्डीत बालवाडी काढली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले तिकडे येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात नेली. ती कुरणशाळा. परदेशी पद्धतीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने यांवर शिकवणे चालले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्याच टेकडीवर आपल्या नाशिकच्या गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्रही आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

सांगायचे ते इतकेच की अंगणवाडी मुळात अंगणातूनच निघाली, आणि ते अंगण आपल्याकडे आहेच. मूल अंगणवाडीत जातच असेल, जायलाच हवे. पण ती सुटल्यावर उरलेल्या दिवसाचे काय? सुपात वाल, हरभरा आणि मटकी मिसळून तीन वाट्यांत निवडायला द्या. डोळा आणि बोटे दोन्ही तयार होतात, पुढे पेन्सिल धरायला हीच बोटे लागतात. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावू द्या. एका मापट्यात किती वाट्या ज्वारी बसते ते त्यालाच मोजू द्या, सांडली तर कोंबड्या आहेत. ओल्या मातीत बोटाने अक्षर काढता येते, त्याला पाटीही लागत नाही. आणि मुलाशी भरपूर बोला. बागलाणात अहिराणी, पेठ-सुरगाण्यात कोकणा, जी घरची बोली असेल तीत. तोडकेमोडके इंग्रजी शब्द पाठ करून घेण्यापेक्षा आजीची गोष्ट मधेच थांबवून "मग काय झालं असेल?" असे विचारणे मुलाच्या जास्त उपयोगी पडते. एक सावधगिरी मात्र ठेवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती दाणे देऊ नका आणि मोठ्यालाही नजरेआड सोडू नका. नाकात अडकलेला हरभरा भिजून फुगतो, मग रात्री गाडी शोधत दवाखाना गाठावा लागतो.

मूल शाळेत जाऊ लागले की शेताने शाळेला जोड द्यावी. ही जोड कशी असते, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पाहायला मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे कारखानदारीच्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. त्यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम काढला. मुले तिथे वेल्डिंग करतात, शेती, बांधकाम, विजेचे काम करतात, आणि करता करता त्यामागचे गणित-विज्ञान शिकतात. जे काम करायचे त्याचा हिशोब आणि कारण मुलाला कळले पाहिजे, एवढा धडा आपण आपल्या घरी आणू शकतो.

पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासायचे काम घरच्या पाचवीतल्या मुलाकडे द्या. शंभर दाणे, दहाच्या दहा ओळी, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचे. सहा-सात दिवसांनी कोंब आलेले मोजायचे. सत्तर आले तर बियाणे पेरणीजोगे. टक्केवारी म्हणजे काय, हे त्या मुलाला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. सपाट बुडाचा, सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाऊस मोजायला लावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी पडले, हे तो स्वतः काढून दाखवील. कांदा विकून आलात की हिशोबपट्टी त्याच्यापुढे ठेवा. वजन, भाव, कापलेली रक्कम, हातात आले ते. पुष्कळ घरांत ही पट्टी खिशातच विरते.

औषधाचेही तसेच. मुलाने फवारणीला जायचे नाही, औषध मिसळायचे नाही, रिकाम्या बाटलीला हात लावायचा नाही. पण माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवायचे. लिटरला दोन मिली, तर पंधरा लिटरच्या पंपाला किती? बाटलीवरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य.

कायद्याचेही थोडे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मधे शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पेठ-सुरगाण्याहून बागांच्या कामाला येणाऱ्या कुटुंबांनी आणि त्यांना बोलावणाऱ्या बागाईतदारांनी हे ध्यानात ठेवावे. टोळी उतरली की मुलांना जवळच्या शाळेत नेऊन बसवणे हे मालकाचेही काम आहे. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदाच्या आतले मूल घरच्या शेतीत मदत करू शकते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचे काम नाही. थोराची शाळा राहून गेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते, मुक्त विद्यालयाची वाटही आहे. पुढे गंगापूर धरणाजवळचे, १९८९ साली निघालेले आपले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

त्या माघातल्या मुलीकडे मी जूनमध्ये पुन्हा गेलो, जाताना पट्टी घेऊन गेलो. डबा तिच्या आईने काढून दिला. ओट्यावरच्या फळीवरून मुलीने औषधाची बाटली आणली, तेव्हा मी तिला आधी खाली ठेवायला लावली आणि दुरूनच त्रिकोण दाखवला. तो पिवळा निघाला. शेजारी मिठाची बरणी होती. बापाने काही न बोलता बाटली उचलली आणि बाहेरच्या खोलीत कुलपात ठेवली. शाळा उघडल्यापासून मुलगी जाते आहे, असे आई म्हणाली. गोडी छाटणीला मजूर कमी पडतील तेव्हाही जाते का, ते पाहायला मी ऑक्टोबरात त्या बाजूला चक्कर टाकणार आहे.