हार्ड डिस्कचा बिघाड आणि फर्मवेअरचे कुलूप

खापर (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) परिसरात भिली गटातील बोलींची ध्वनिमुद्रणे जमविणाऱ्या अभ्यासकाच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी व्हावी, आणि पेन ड्राइव्हवरून तो सुरू करू जाता फर्मवेअरने, म्हणजे आरंभीच चालणाऱ्या अंगभूत आज्ञावलीने, परवलीचा शब्द मागावा, अशी अवस्था कल्पिता येते. येथे अडचणी दोन असून त्या भिन्न आहेत.

परवलीचा शब्द पुष्कळ लॅपटॉपांत विजेवाचूनही मजकूर राखणाऱ्या चिपमध्ये असतो. त्यामुळे आतील छोटा सेल काढून ठेवण्याची सर्वश्रुत युक्ती तेथे निष्फळ ठरते. परंतु हे कुलूप फर्मवेअरच्या पर्यायांवर असते, डिस्कच्या जागेवर सहसा नसते. दुसऱ्या संगणकावर सिद्ध केलेली नवी डिस्क आत बसविल्यास यूईएफआय पद्धतीचा लॅपटॉप ठरीव नावाची आरंभ-फाइल बहुधा स्वतःच शोधतो. सिक्युअर बूट चालू असेल, तर तिच्यावर मान्य डिजिटल स्वाक्षरी मात्र हवी.

कुलूप काढण्यासाठी कित्येकदा मदरबोर्डच बदलतात. ही घाई घातक होय. जुनी डिस्क बिटलॉकरने सांकेतिक केलेली असल्यास ती उघडणारी किल्ली सामान्यतः त्याच बोर्डाच्या टीपीएमशी बांधलेली असते. बोर्ड गेला आणि ४८ अंकी पुनःप्राप्ति-किल्ली कोठेच टिपलेली नसली, तर डिस्क दुरुस्त होऊनही ध्वनिमुद्रणे हाती येत नाहीत.