गाडी खाली बसवण्याआधी मोजपट्टी काढा

सिरोंच्यात माझं गॅरेज आहे. गोदावरीवर पूल झाल्यापासून काळेश्वरमकडून येणं-जाणं सोपं झालं. हैदराबादला नोकरी करणारी आमची पोरं तिकडेच सजवलेल्या गाड्या घेऊन सणाला घरी येतात. त्यांची मागणी ठरलेली: "अन्ना, रुंद अलॉय टाकलेत, आता लोअरिंग स्प्रिंग बसवून द्या."

मागणीत वावगं काही नाही. गाडी खाली आली की वळणावर कमी कलते, दिसतेही देखणी. पण रुंद चाक आणि आखूड स्प्रिंग यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

स्विफ्टचंच घ्या. साध्या मॉडेलला 165/80 आर 14 टायर येतो. पोरं 205/50 आर 16 टाकतात. बाहेरचा व्यास फारसा बदलत नाही, 620 मिलिमीटरचा 611 होतो. रुंदी मात्र 40 मिलिमीटरने वाढते: 20 आत, 20 बाहेर. रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो 45 वरून 35 वर आला की चाक आणखी 10 मिलिमीटर बाहेर सरकतं. म्हणजे टायरची बाहेरची कड एकूण 30 मिलिमीटर बाहेर आली. मूळ उंचीवर हे एखादवेळी निभतं. गाडी 35 मिलिमीटर खाली बसवली आणि मागे तीन माणसं बसली, की तोच टायर प्रत्येक खड्ड्यात मडगार्डच्या धारेवर घासतो. वेगात टायरची बाजू चिरली तर गाडी आवरत नाही.

म्हणून मी आधी स्प्रिंग काढून नुसता शॉकअप जोडतो, चाक लावतो आणि जॅकने ते स्टॉपरपर्यंत वर नेतो. स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून चाक कुठे लागतं ते पाहतो. लागलं, तर काम तिथंच थांबवतो.

पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगचाच वेढा कापून द्या, असं कुणी म्हटलं तर मी ठाम नकार देतो. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक उसळून मोकळं झालं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तापवून दाबलेल्या स्प्रिंगचं तर पाणीच उतरतं. लोअरिंगची स्प्रिंग मुद्दाम कडक बनवतात, कारण तिला दबायला जागा कमी उरते. तिच्यासोबत जुना, थकलेला शॉकअप ठेवला तर गाडी डोलत राहते.

बसवतानाही घाई नको. स्प्रिंग-कॉम्प्रेसरने स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी आवळून ती वाटीत पूर्ण सैल झाल्याशिवाय वरच्या नटाला पाना लावायचा नाही. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, नाहीतर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं. मग अलाइनमेंट. गाडी खाली गेली की पुढची चाकं वरून आत कलतात, टायर आतल्या कडेने झिजतो.

आता आमचा रस्ता. 2018 नंतरच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर. त्यातले 35 गेले की रिकाम्या गाडीत 128 उरतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, हळूहळू चढणारा असतो. गावोगावचे गतिरोधक ते माप पाळत नाहीत. शिवाय टायरची भिंत 132 वरून 102 मिलिमीटरवर आलेली, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. आल्लापल्लीपर्यंतच्या सुमारे शंभर किलोमीटरच्या जंगलात इंजिनाखालचं चेंबर फुटून ऑइल सांडलं, तर घरच्यांसह रात्र रस्त्यावर काढावी लागते.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

म्हणून इथं राहणाऱ्याला मी सांगतो, "बाबू, स्प्रिंग कंपनीचीच राहू दे. अलॉयची हौस असेल तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचं 185/65 आर 15 माप घे." त्यात गाडी शोभते, चाक कुठे घासत नाही आणि भर पावसाळ्यातही आई-वडिलांना दवाखान्यात नेता येतं. गाडी घेतलेली असते ती त्यासाठीच.