पणजोबांचं रिव्हॉल्व्हर किती जुनं?

आजचा विषय एका प्रश्नामुळे घेतला आहे. बेंगळुरूच्या इंदिरानगरमधून एका ताईंनी विचारलंय : वडील गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तर तळाशी कातडी म्यानात एक रिव्हॉल्व्हर निघालं. पणजोबांचं, सत्तावनच्या बंडातलं, असं घरात कायम सांगत. खरं असेल का? आणि आता त्याचं करायचं काय?

इंदिरानगरहून हा प्रश्न यावा यात नवल नाही. तिथे डिफेन्स कॉलनी आहे, शेजारी हलसूरला मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. फौजी घरांतल्या ट्रंकांतून अशा वस्तू निघतातच. पण कोल्हापूर, बेळगाव, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या घरांतही हाच प्रश्न आहे, म्हणून सगळ्यांसाठीच बोलतो.

सगळ्यात आधी : हात लावू नका. घोडा ओढून बघणं, चाप दाबून बघणं, मुलांच्या हातात देऊन फोटो काढणं, यातलं काही नको. आत काडतूस असू शकतं, आणि जुनं काडतूस मेलेलं असतं हा गैरसमज आहे. जसं आहे तसं, दोन्ही बाजूंनी, चांगल्या उजेडात फोटो काढा. ओळख पटवायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आता वय कसं ओळखायचं? आधी रचना बघा, अक्षरं नंतर. गोळ्यांच्या फिरत्या चक्रीच्या मागच्या बाजूला प्रत्येक खणामागे छोटी बोंडं असतील, तर ते टोपीचं रिव्हॉल्व्हर. दारू आणि गोळी पुढून भरायची, मागे बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. सत्तावनच्या काळातली अ‍ॅडम्स आणि कोल्ट रिव्हॉल्व्हरं या जातीची. चक्री आरपार पोकळ असेल, तर मागून काडतूस भरायचं, म्हणजे बहुधा नंतरचा काळ. मग ते उघडतं कसं ते बघायचं. वरची खिट्टी दाबून नळी पुढे मोडते, की चक्री डाव्या बाजूला बाहेर झुलते? बाहेर झुलणारी चक्री कोल्टने १८८९ मध्ये आणली, स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये. म्हणजे तसलं रिव्हॉल्व्हर सत्तावनचं असणं शक्यच नाही, घरातले काहीही सांगोत!

ताईंच्या फोटोतलं रिव्हॉल्व्हर मधोमध मोडणारं, मूठ खाली चौकोनी, नळी सहा इंची. बाजूला वेब्ली हे नाव, रोमन आकड्यात सहा आणि खाली १९१७. हे वेब्ली मार्क सहा. ब्रिटिश सैन्याने ते १९१५ मध्ये स्वीकारलं. आधीच्या मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असे, ती इथे चौकोनी झाली. तर सत्तावनच्या बंडातलं नाही, पहिल्या महायुद्धातलं. साठ वर्षांचा फरक.

इथे साल स्पष्ट होतं म्हणून सोपं गेलं. पण छापलेल्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अनेक कोल्टच्या नळीवर १८८४ दिसतं. ते पेटंटचं साल आहे, बनवल्याचं नाही. विसाव्या शतकात बनलेल्या कोल्टवरही ते असतं. त्यापेक्षा चाचणीचे बारीक ठसे जास्त खरं बोलतात. बर्मिंगहॅमला खाजगी विक्रीच्या प्रत्येक नळीची जादा दारू भरून परीक्षा होई आणि ठसा मारत. मुकुटाखाली आडवे-तिडवे राजदंड असतील तर १९०४ पूर्वीचा. मुकुटाखाली बीपी, बीव्ही ही अक्षरं असतील तर त्यानंतरचा. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे सरकारी, लष्करी मालाची. ती नसेल तर अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं असू शकतं, तेव्हा तशी पद्धत होती. आणि अंडाकृती चौकटीत ईएलजी अशी अक्षरं दिसली तर माल बेल्जियमच्या लिएज शहरातला. इंग्रजी बुलडॉग रिव्हॉल्व्हरच्या नकला तिथे ढिगाने बनत. त्या ठशावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचा.

आणि नंबर. याचं महत्त्व पटायला इंदूरचं उदाहरण सांगतो. तिथल्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात एक कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षं इतर हत्यारांबरोबर ठेवलेलं होतं, त्यावर रंगाचे थर चढलेले. २०१६ मध्ये रंग खरवडून नंबर वाचला गेला : १६८८९६. जुन्या खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी तो जुळला. ते भगतसिंगांचं पिस्तूल होतं, डिसेंबर १९२८ च्या लाहोरच्या साँडर्स प्रकरणातलं! नंबर नसता तर ते आजही नुसतं एक जुनं कोल्ट राहिलं असतं.

म्हणून सांगतो, पॉलिश पेपर घेऊन बसू नका. चकाकी आणायच्या नादात ठसे जातात. शिवाय शस्त्रावरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं शस्त्र कायद्याने मनाई आहे. ट्रंकेतले कागद मात्र जरूर चाळा. जुन्या परवान्याच्या वहीत बनावट, बोर आणि नंबर लिहिलेला असतो, आणि पणजोबांच्या हाती ते कधी आलं ते तिथूनच कळतं.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ‘शंभर वर्षांचं आहे, म्हणजे अँटीक, मग परवाना कशाला?’ असं मला दर महिन्याला कुणीतरी म्हणतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण कालबाह्य किंवा पुराणमूल्य असलेलं शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येण्याजोगं नसेल, तरच. ताईंचं वेब्ली तेल घातलं तर चालेल असं फोटोवरून दिसतं. त्यात ते .४५५ बोरचं, आणि हा बोर प्रतिबंधित वर्गात मोडतो. तिथे नेहमीचा परवाना चालत नाही. असं प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल चौदा. वारसाने मिळालं तरी माणशी दोनच शस्त्रं.

तेव्हा रिक्षात घालून दुकान शोधत हिंडू नका. वडिलांचा परवाना होता का ते शोधा, पोलिस आयुक्तांच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी कळवा आणि तिथून सांगतील त्याप्रमाणे पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. जिल्ह्याच्या गावी असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. जमा केलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही; ठरलेल्या मुदतीत हक्क सिद्ध झाला तर वारसाला परत मागता येतं. पावती तेवढी घ्या, नंबरासकट.

ताईंचा भाऊ अमेरिकेत असतो, त्याला आठवण म्हणून ते हवं आहे. ते जमणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. गंमत बघा, परवान्यापुरतं हे हत्यार आणि विमानतळावर पुराणवस्तू! भावाला म्यान आणि पणजोबांची परवान्याची वही दाखवायला हरकत नाही, ताईंनी ती जपून ठेवली आहे. वहीवर तारीख १९२३ ची आहे.