दिवे उघडत नाहीत? आधी गळती शोधा

शेव्हरोले कॉर्व्हेटच्या तिसऱ्या पिढीत (१९६८ ते १९८२) लपलेले हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर वर येतात. १९७२ पर्यंत वायपरवरचे झाकणही त्यावरच चाले, वायपर मात्र विजेच्या मोटरवर. म्हणून झाकण उघडूनही वायपर हलत नसेल, तर रबरी नळ्या तपासण्यात वेळ घालवू नये. एकच दिवा रेंगाळला तर दोष बहुधा त्याच बाजूच्या रिलेत, नळीत किंवा ॲक्च्युएटरच्या डायफ्रॅममध्ये असतो. दोन्ही दिवे आणि झाकणही सुस्तावले, तर सामाईक पुरवठाच संशयित ठरतो. इंजिन चालू असताना सगळे ठीक आणि बंद करताच ताकद संपली, तर एकदिशा झडप किंवा साठवण टाकी गळते आहे. हातपंप लावून प्रत्येक भाग वेगळा तपासला की अंदाजाला जागा उरत नाही.

इतक्या जुन्या रबराशी झगडण्यापेक्षा विजेच्या मोटरी बसवाव्यात, असे अनेकांचे म्हणणे. दिव्यांपुरते ते खरे आहे. पण इंजिनाकडची जुनी नळी गळतीसकट तशीच राहिली, तर तिथून हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, संथ चाल बिघडते. गळती शोधावी लागतेच, आणि ती बुजल्यावर मूळ यंत्रणा बदलण्याचे कारणही बहुतेकदा उरत नाही.