गोळी खरी, वेळ अपुरी

किन्हीराजा परिसरात तूर घरी येते तेव्हा भुंगाही बहुधा तिच्यासोबत येतो. शेतात उभ्या शेंगांवरच त्याने अंडी घातलेली असतात. महिना-दोन महिन्यांनी दाण्यांना भोकं पडली की वाशिम जिल्ह्यातच काय, सगळ्या वऱ्हाडात तक्रार एकच : “औषधात दम राहिला नाही.” या तक्रारीमागे काय घडतं, ते गोदामात धुरी देणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

थप्पीवर ताडपत्री टाकून आत अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात, टनाला साधारण तीन. हवेतल्या ओलाव्याने 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. दोन-तीन दिवसांत पोत्यांच्या कडेला मेलेल्या भुंग्यांचा सडा पडतो. बाहेर ट्रक उभा असतो, भाव चढलेला असतो आणि ताडपत्री निघते. मेलेले असतात ते फक्त मोठे किडे. अंडी आणि कोष या वायूला सर्वांत चिवट. त्यांच्यासाठी ताडपत्री किमान सात दिवस घट्ट राहावी लागते.

मग कुणीतरी सुचवतं, गोळ्या दुप्पट टाका. इथे फॉस्फिनचा स्वभाव आडवा येतो. फार तीव्र वायूत किडा गुंगीत जातो, त्याचा श्वास मंदावतो आणि त्यातूनच तो तग धरू शकतो. या वायूला मात्रेपेक्षा मुदत जास्त लागते.

ताडपत्रीला भोक असेल किंवा कडेवरचं वाळूचं वजन सरकलं असेल, तर वायू निसटतो. मग ज्यांच्यात आधीपासून थोडी सहनशक्ती आहे तेच किडे वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. 1983 मध्ये टायलर, टेलर आणि रीस या अभ्यासकांनी बांगलादेशातल्या धान्य गोदामांबाबत नेमकं हेच मांडलं : वारंवार दिलेल्या गळक्या धुरीतूनच प्रतिकारक्षम किडे तयार झाले होते.

ही चाहूल त्याआधीच लागली होती. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1972-73 मध्ये 82 देशांतून साठवणीतले किडे गोळा करवले. संघटनेच्या चाचणीत किड्यांना बंद बरणीत ठरावीक मात्रेच्या वायूत 20 तास ठेवतात आणि 14 दिवसांनी जिवंत किती ते मोजतात. 33 देशांच्या नमुन्यांत फॉस्फिनला न जुमानणारे किडे सापडले.

हे किडे टिकतात कसे, याचा उलगडा व्हायला 2012 उजाडलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका विकराच्या जनुकात बदल झाला की किडा फॉस्फिन पचवतो. तोच किडा आर्सेनिकच्या वायूपुढे मात्र अधिक दुबळा ठरतो. तो वायू माणसालाही जीवघेणा, म्हणून गोदामात त्याचा उपयोग नाही.

दुसरे पर्यायही कमी होत चालले आहेत. मिथिल ब्रोमाईडचा वापर ओझोनच्या करारामुळे आटला, तर डायक्लोरव्हॉसवर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. फॉस्फिन हातचा गेला तर त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

म्हणून विनंती एवढीच. तूर कडक वाळवा आणि कोरड्या, हवाबंद कोठीत किंवा पिशवीत भरा. घरापुरती असेल तर लवकर डाळ करून ठेवा. डाळीला भुंग्याचा त्रास कमी होतो. धुरी द्यायचीच असेल तर ती प्रशिक्षित माणसाकडून, राहत्या घराबाहेर, न गळणाऱ्या ताडपत्रीखाली आणि पूर्ण मुदतीची द्या. झोपायच्या खोलीतल्या धान्यात ही गोळी कधीही ठेवू नका. तिच्या विषावर उतारा नाही.