खड्ड्यात सापडलेलं नाव

मुलांनो, तुमच्या आजोबांचं नाव तुम्हांला ठाऊक असणारच. पणजोबांचंही कदाचित सांगता येईल. पण खापरपणजोबांचं? म्हणजे पणजोबांच्या वडिलांचं? वर्गात हा प्रश्न विचारला की एकदम शांतता पसरते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "बाई, नाव नाही माहीत, पण ते फार तापट होते म्हणे!" नाव विसरतं, तापटपणा मात्र चार पिढ्या टिकतो. आहे की नाही गंमत?

आज मी तुम्हांला एका अमेरिकन कादंबरीची ओळख करून देणार आहे. तिच्यातल्या घरातही खापरपणजोबांची अशीच एक आठवण टिकून राहिली आहे. कादंबरीचं नाव 'होल्स', म्हणजे खड्डे. लेखक लुई सॅकर. पुस्तक 1998 साली निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याला मुलांच्या पुस्तकांसाठी अमेरिकेत दिलं जाणारं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं.

नायकाचं नाव स्टॅन्ली येल्नॅट्स. इंग्रजीत 'स्टॅन्ली'चं स्पेलिंग लिहा आणि उलटीकडून वाचा. काय येतं? 'येल्नॅट्स'! 'चिमा काय कामाची' हे उलटसुलट वाचायचा खेळ तुम्ही खेळला असाल, तसंच हे. त्या घरात प्रत्येक पिढीत मुलाचं नाव स्टॅन्लीच ठेवतात. आपला नायक चौथा स्टॅन्ली. नाव लक्षात ठेवा बरं का, पुढे ते फार उपयोगी पडणार आहे.

तर हा स्टॅन्ली एके दिवशी शाळेतून घरी येत असतो. पुलाखालून जाताना वरून बुटांचा एक जोड त्याच्या डोक्यावर पडतो. हे बूट एका प्रसिद्ध बेसबॉल खेळाडूचे, बेघर मुलांच्या मदतीसाठी लिलावात ठेवलेले आणि तिथून चोरीला गेलेले. झालं! पोलीस स्टॅन्लीला पकडतात. तो खरं सांगतो, पण आकाशातून बूट पडले यावर कोण विश्वास ठेवणार? न्यायाधीश त्याला टेक्सास राज्यातल्या 'ग्रीन लेक' नावाच्या छावणीत पाठवतात. नावात तळं आहे, पण तिथे पाण्याचा थेंब नाही. शंभर वर्षांपूर्वीच आटलेलं, भेगाळलेलं तळं. मुलांनी तिथे रोज एक खड्डा खणायचा, पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद. मोजायला वेगळी पट्टी नाही, पाच फुटी फावडं हीच पट्टी. हे कशासाठी? तर म्हणे चांगलं वळण लागावं म्हणून!

येल्नॅट्सच्या घरी काहीही वाईट घडलं की सगळे थट्टेनं एकाच माणसाला बोल लावतात : त्या डुक्करचोर खापरपणजोबांना! त्यांनी एका लंगड्या म्हातारीचं डुक्कर चोरलं, तिनं शाप दिला आणि तेव्हापासून आपलं घराणं दुर्दैवी, अशी ही घरगुती गोष्ट.

आणि इथेच लेखक आपल्याला हाताला धरून मागे नेतो. एका प्रकरणात आजची छावणी, तर दुसऱ्यात जुना काळ. जुन्या काळाच्याही दोन गोष्टी आहेत. एक युरोपातल्या लाटव्हिया देशातली, दुसरी तळं भरलेलं असतानाच्या ग्रीन लेक गावातली.

पहिलीत हा खापरपणजोबा आपल्याला भेटतो, तोही चांगला पंधरा वर्षांचा! नाव एल्या. गावातल्या एका मुलीवर त्याचं मन बसलेलं असतं, पण तिचा बाप लग्नाच्या बदल्यात डुक्कर मागतो. एल्या मादाम झेरोनी नावाच्या म्हातारीकडे सल्ल्याला जातो. तिचा एक पाय गेलेला. ती त्याला डुकराचं पिल्लू देते आणि सांगते, "याला रोज डोंगरावर उचलून ने, तिथल्या झऱ्याचं पाणी पाज, गाणं म्हण. पिल्लू वाढेल तशी तुझी ताकदही वाढेल. आणि शेवटी मलाही तसंच उचलून तिथे ने." एल्या कबूल करतो. पण मुलीशी लग्न काही जमत नाही. तो हिरमुसला होऊन थेट अमेरिकेच्या जहाजात बसतो. म्हातारीला दिलेला शब्द आठवतो तेव्हा जहाज समुद्रात असतं.

पाहिलंत? पिल्लू चोरलेलं नव्हतंच! ते म्हातारीनं आपण होऊन दिलेलं. एल्यानं चोरी केली नव्हती, दिलेला शब्द मोडला होता. येल्नॅट्सच्या घरात डुक्कर राहिलं, म्हातारी राहिली, शाप राहिला. शब्द तेवढा गळून पडला. मला विचाराल तर ही या कादंबरीतली सगळ्यांत चलाख जागा आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट साफ खोटी नसते, पण आपल्याला बोचणारा भाग कुणीतरी मध्येच गाळलेला असतो. आणि तो गाळलेला भाग आपल्या घरात शोधून सापडत नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी असतो.

कुणाच्या? छावणीत एक अबोल मुलगा आहे. सगळे त्याला 'झिरो' म्हणतात. डोक्यात काही नाही म्हणून शून्य! गणित त्याला छान येतं, पण कुणी लिहायला-वाचायला शिकवलेलंच नाही. स्टॅन्ली त्याला अक्षरं शिकवतो. त्याच्या बदल्यात झिरो त्याच्या खड्ड्यातला थोडा भाग रोज खणून देतो. बोलता बोलता झिरो आपलं खरं नाव सांगतो : हेक्टर झेरोनी. आपण वाचणारे दचकतो, कारण मादाम झेरोनी आपल्याला माहीत आहे. स्टॅन्लीला मात्र त्या नावाचं काहीच वाटत नाही. पुढे झिरो पळून जातो, स्टॅन्ली त्याच्यामागे जातो आणि अगदी गळून गेलेल्या मित्राला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. वर पाणी असतं. खापरपणजोबाचा राहिलेला शब्द असा पुरा होतो आणि दोघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नसतो! सगळं ठाऊक असतं ते फक्त तुम्हांआम्हांला. दोन काळांत चालणाऱ्या गोष्टीची खरी मजा हीच.

आता दुसरी जुनी गोष्ट. ही प्रेमकथा आहे. काही पालकांच्या कपाळावर आठी पडेल, पण ही जरूर वाचू द्या. 110 वर्षांपूर्वीच्या ग्रीन लेकमध्ये कॅथरीन बार्लो नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी मसाला घालून बरणीत भरलेले पीच साऱ्या गावात प्रसिद्ध. गावात सॅम नावाचा कांदेवाला गाढव घेऊन फिरायचा. त्याच्या मते कांदा म्हणजे शंभर रोगांवर औषध. (आमच्या नाशिककडच्या मंडळींना हे लगेच पटेल!) शाळेचं छप्पर गळतं, सॅम दुरुस्त करतो. खिडकी बिघडते, सॅम दुरुस्त करतो. अशी दोघांची मनं जुळतात. पण बाई गोऱ्या आणि सॅम काळा. गाव खवळतं. शाळा जाळली जाते, सॅमला गोळी घालून मारतात. त्या दिवसापासून तिथे पाऊस पडत नाही आणि तळं आटतं. बाई पुढे दरोडेखोर होतात आणि एकदा घोडागाडीतून जाणाऱ्या एका श्रीमंत माणसाला लुटतात. तो माणूस म्हणजे पहिला स्टॅन्ली येल्नॅट्स, आपल्या स्टॅन्लीचा पणजोबा!

पाऊस थांबणं ही लेखकाची कल्पना, पण तो अन्याय कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या कितीतरी राज्यांत काळ्या आणि गोऱ्या माणसांचं लग्न हा कायद्यानं गुन्हा होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे कायदे रद्द केले ते 1967 साली. म्हणजे तुमच्यापैकी काहींचे आजी-आजोबा तेव्हा जन्मलेही होते.

लुटीतली एक पेटी त्या आटलेल्या तळ्यात कुठेतरी पुरलेली असते. त्या पेटीसाठीच तर मुलांकडून खड्डे खणून घेतले जातात. ती अखेर सापडते तेव्हा छावणीची मुख्य बाई म्हणते, पेटी माझी आहे! मोठी माणसं वाद घालतात. आणि नुकतीच अक्षरं शिकलेला झिरो पेटीवरचं नाव हळूहळू जुळवून वाचतो. त्यावर कुणाचं नाव होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. आत काय होतं ते मी सांगणार नाही. मुळाक्षरं गिरवून घेणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे हे पान मी दोनदा वाचलं.

स्वतः सॅकर कॉलेजात असताना एका प्राथमिक शाळेत मदतनीस होते. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांबरोबर असत, म्हणून मुलं त्यांना 'मैदानाचे सर' अशा अर्थाच्या नावानं हाक मारत. पुढे ते वकील झाले आणि मग पूर्णवेळ लेखक. 'होल्स'मध्ये छोटी छोटी 50 प्रकरणं आहेत आणि इंग्रजी सोपं आहे. आठवी-नववीच्या मुलांना शब्दकोश जवळ ठेवून जमेल, लहानांना आई-बाबांनी रोज दोन प्रकरणं मराठीत सांगावीत. 2003 साली यावर चित्रपटही निघाला. पण आधी पुस्तक, मग चित्रपट!

आपल्या घरच्या गळलेल्या जागा शोधायच्या असतील तर एक सुचवते. शाळेत 'जनरल रजिस्टर' नावाची एक जाडजूड वही असते. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण त्यात लिहिलेलं असतं. जुन्या शाळांतली काही पानं तर मोडी लिपीत आहेत. तुमचे पणजोबा गावच्या शाळेत गेले असतील, तर त्यांचं नाव तिथे सापडू शकतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं आणि गावं त्यांत उतरवलेली असतात. पण वहीत नाव मिळेल, गोष्ट नाही मिळणार. गोष्टीसाठी एकच प्रश्न दोन माणसांना विचारा, एकदा आजीला आणि एकदा आजीच्या बहिणीला. दोघी एकमेकींसमोर नसताना विचारा हं! वर्गातल्या एका मुलीनं असं केलं. पणजोबांनी गाव का सोडलं याची तिला दोन उत्तरं मिळाली. एका उत्तरात दुष्काळ होता आणि दुसऱ्यात भावाशी झालेलं भांडण. ती आता तिसऱ्या आजीला पत्र लिहिते आहे.